मधल्या सालांची बिदागी

आमच्या एकोडीच्या टोलीत २०२४ च्या भीमजयंतीला एक भांडण झालं. भांडण पैशाचं होतं, पण पैशावर मिटलं नाही, म्हणून लिहितो आहे. सतरा वर्षं बंद पडलेली टोलीची जलशाची पार्टी त्या रात्री पुन्हा उभी राहणार होती. एके काळी सातजण होते, आता चार उरलेले. पेटीवाले, ढोलकीवाले आणि मागे साथ धरणारे दोघे. जयंती कमिटीची पोरं पेटीवाल्या काकाजींकडे गेली, तर काकाजी म्हणाले, येतो, पण बिदागी लागल. आकडाही सांगून टाकला. डीजेवाल्याला देता त्याच्या निम्मे द्या.

पोट्टे भडकले. बाबासाहेबाचं गाणं, आपल्याच समाजापुढं गायचं, अन् त्याचे पैसे? एक जण तर तोंडावर म्हणाला, काकाजी, तुमी चळवळ विकाले काढली का? काकाजींनी त्याला उत्तर दिलं नाही. विडी पेटवली आणि पेटीवरचं फडकं सारखं केलं.

खरं सांगायचं तर तेव्हा मीही पोरांच्याच बाजूचा होतो. मास्तर माणूस, चार पुस्तकं वाचलेली, बांधिलकी ह्या शब्दावर भाषणं ठोकलेली. माझ्या डोक्यात हिशोब सोपा होता. बंडाचं गाणं हे बंडाचंच असलं पाहिजे. ते गाणारा मधेच गप्प बसला, वर्षानुवर्षं घरात राहिला, आणि मग केस पांढरे झाल्यावर तेच गाणं घेऊन मोबदल्यासाठी उभा राहिला, तर तो गाणं गात नाही, गाण्याचं मढं नाचवतो. असं मी विहाराच्या ओट्यावर बोललोसुद्धा. आता वाटतं, फार लवकर बोललो.

त्याच आठवड्यात भाचा आला होता. पुण्यात शिकतो. त्यानं ऐकलं आणि हसला. म्हणाला, मामाजी, गोऱ्याइनं बी हेच केलं, अन् त्याइले त्याची लाज नाई वाटली. मग त्यानं मोबाईलवर एका इंग्रजी बॅण्डचं गाणं दाखवलं. गाणं कसलं, आरडाओरड. पण त्या आरडाओरडीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

बॅण्डचं नाव सेक्स पिस्टल्स. लंडनमध्ये १९७५ साली उभा राहिला. कामगार वस्तीतली पोरं, देशात बेकारी, पुढे काही दिसत नाही. अशा पोरांना तिथले लोक पंक म्हणायचे, म्हणजे टाकाऊ, हलकट. पोरांनी तीच शिवी अंगावर घेतली. गाणारा जॉन लायडन, त्याचे दात किडलेले म्हणून त्याचं नाव पडलं जॉनी रॉटन, जॉनी सडका. मला हे ऐकून गंमत वाटली नि वाईटही वाटलं. आमच्या आज्यांची नावं कचरू, धोंड्या, उकंड्या. ती त्यांनी हौसेनं घेतली नव्हती. गोऱ्या पोरांनी फाटके कपडे मुद्दाम फाडून टाचण्यांनी जोडले. आमच्या मायांनी फाटलेलं लुगडं दंड घालून नेसलं, कारण दुसरं नव्हतं. तेव्हा ह्या दोन गोष्टी एका मापानं मोजू नयेत हे मला कळतं. तरी एक गोष्ट सारखी आहे. तिथल्या पोरांनीही १९७६ साली झेरॉक्सवर आपली मासिकं काढली, वाकड्या अक्षरांत, छापखान्याला न विचारता. ज्याला छापणारा मिळत नाही तो सगळीकडे असंच करतो. हे पान हातात धरलेल्या वाचकाला ते वेगळं सांगायला नको.

१९७७ साली त्यांच्या राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली. देशभर सोहळा. ह्या पोरांनी राणीवरच गाणं काढलं. बीबीसीनं ते वाजवायला नकार दिला, तरी ते खपात दुसऱ्या नंबरावर गेलं. आणि पुढच्याच जानेवारीत, १९७८ मध्ये, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर बॅण्ड फुटला. त्यांचा सिड व्हिशस नावाचा पोरगा १९७९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला हेरॉईन घेऊन मेला. वय एकवीस. खेळ खलास.

मग १९९६ साली, अठरा वर्षांनी, उरलेले चौघे परत आले. सिडच्या जागी त्याच्या आधीचा ग्लेन मॅटलॉक. देशोदेशी दौरा काढला आणि दौऱ्याचं नावच ठेवलं 'घाणेरडा पैसा' अशा अर्थाचं. आम्ही एकमेकांवर प्रेम म्हणून आलो नाही, पैशासाठी आलो, असं लोकांना उघड सांगितलं. लोक शिव्या देत देत तिकिटं काढून गेले.

भाच्याचं म्हणणं, ह्यात खोटं काय? उलट हेच सगळ्यात खरं. ढोंग केलं नाही.

मी दोन दिवस ह्यावर विचार केला. मला ते पटलं नाही, पण माझं आधीचं म्हणणंही डगमगलं. खोटेपणा पैशात असता तर पैसे उघड मागितल्यानं तो धुतला जायला नको होता. आणि पैशात नसेल तर तो कुठं आहे?

पैशाचं आधी बघू. आमच्यात 'समाजासाठी फुकट' हा शब्द फार पवित्र होऊन बसला आहे. पण जरा मागं जा. आमच्या भागातल्या कैक गावांत पाटलाच्या घरचं लग्न निघालं की आमची माणसं डफडं, सनई घेऊन पुढं. रात्रभर वाजवायचं, वरातीपुढं नाचायचं, आणि सकाळी मांडवाबाहेर उभं राहून उरलंसुरलं अन्न लुगड्याच्या पदरात घ्यायचं. त्याला कुणी मजुरी म्हणत नव्हतं. मान म्हणायचे, हक्क म्हणायचे. बाबासाहेबांनी गावकीची घाणेरडी कामं सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा कितीतरी ठिकाणी ही वाद्यंही खाली ठेवली गेली. त्याच माणसांच्या नातवाला आपण आज सांगतो, वाजव, पण पैसे मागू नको, ही सेवा आहे. मांडव बदलला, झेंडा निळा झाला, पण वाजवणाऱ्याचा पदर रिकामाच राहिला. डीजेवाल्याला आपण आगाऊ देतो, कारण तो साकोलीचा धंदेवाला आहे. काकाजी आपले आहेत म्हणून त्यांनी फुकट यायचं. आपलेपणाची किंमत नेहमी गरिबानंच का द्यायची?

तेव्हा पैसा मागितला म्हणून गाणारा खोटा होत नाही. आमच्यासाठी तर मजुरी मागता येणं हेच माणूसपण आहे.

दुसरं म्हणणं असं की राग शिळा होतो. वीस वर्षांच्या पोराच्या तोंडी जे गाणं विस्तव होतं ते साठीच्या म्हाताऱ्याच्या तोंडी नाटक होतं. ह्यात थोडं तथ्य आहे. जॉनी सडका परत आला तेव्हा त्याच्या हाती पैसा होता, घर होतं, नि त्याच्या राणीलाही काही झालेलं नव्हतं. ती सत्तर वर्षं राज्य करून २०२२ साली म्हातारपणानं मेली. ते गाणं पुढे त्यांच्या घरातल्या मालकीचा माल झालं. २०२१ साली तर जुने साथीदार लंडनच्या कोर्टात उभे राहिले. गाणी टीव्हीच्या मालिकेला द्यायची की नाही ह्यावर गाणारा एका बाजूला, वाजवणारे दुसऱ्या. १९९८ च्या बॅण्डच्या करारात बहुमताने निर्णय असं ठरलेलं, म्हणून गाणारा हरला. २०२४ साली उरलेल्या तिघांनी दुसराच गाणारा घेऊन कार्यक्रम सुरू केले. करारानं बांधलेलं बंड करारानंच चालतं. त्यात नवल नाही.

पण राग शिळा होतो तो गाणाऱ्याचं वय वाढल्यानं की ज्यावर राग होता ती गोष्ट संपल्यानं? माझं म्हणणं आहे, गोष्ट तशीच उभी असेल तर गाणं म्हातारं होत नाही. गळा होतो. गळा चिरका झाला तर झाला.

इथं मला दूर जायची गरज नाही. खैरलांजी आमच्याच जिल्ह्यातली, मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातले चार जीव. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ साली शिक्षा दिल्या, सहाजणांना फाशी, दोघांना जन्मठेप. पण जातीवरून झालं असं मानलं नाही, अॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. २०१० साली हायकोर्टानं फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद केली. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. जातीचा उल्लेख नसलेला न्याय हातात घेऊन गेले. म्हणजे त्या वेळी बांधलेलं गाणं आज कुणी गायलं तर ते जुनं गाणं म्हणता येईल का?

ह्याच जानेवारी २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. सुप्रीम कोर्टानं कबीर कला मंचाच्या सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर ह्या तिघांना जामीन दिला. गाणाऱ्यांच्या परत येण्याबद्दल बोलायचं तर आपल्याकडचं खरं उदाहरण हे आहे, लंडनचं नाही.

मंच पुण्याचा. २००२ साली गुजरातच्या दंगलीनंतर उभा राहिला. झोपडपट्टीतली, कामकरी घरांतली पोरं-पोरी. डफ, ढोलकी आणि गळा. जातीवर गायचे, भुकेवर गायचे. २०११ साली दहशतवादविरोधी पथकानं माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपाखाली मंचाशी जोडलेल्या दीपक डेंगळे, सिद्धार्थ भोसले ह्यांना धरलं, आणि बाकीचे गायब झाले. दोन वर्षं गाणं बंद. त्या काळात आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' गावोगाव दाखवला जात होता, त्यात शीतल साठे पडद्यावर गात होती, आणि ती स्वतः कुठं आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. जानेवारी २०१३ मध्ये हायकोर्टानं आधीच्या दोघांना जामीन दिला. मग २ एप्रिल २०१३ ला शीतल आणि सचिन मुंबईत विधानभवनासमोर येऊन उभे राहिले. शीतल गरोदर होती. ही शरणागती नाही, सत्याग्रह आहे असं त्यांनी सांगितलं. तिला जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन आत राहिला. मे महिन्यात सागर आणि रमेश तसेच पुढे आले, तेही आत. पावणेचार वर्षं.

त्यांनी परत येऊन केलं काय? गायले. पण एकत्र नाही. शीतल आणि सचिननं नवयान नावानं वेगळा महाजलसा उभा केला. सागर, रमेश मंचातच राहिले. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषदेत मंच गायला. सप्टेंबर २०२० मध्ये सागर, रमेश आणि ज्योती जगताप ह्यांना राष्ट्रीय तपास यंत्रणेनं अटक केली. पुढची वर्षं पुन्हा तुरुंगात गेली.

आता ह्या माणसांना कुणी विचारेल का, की तुम्ही मधे गप्प का होतात? विचारतात, दोस्तहो. आपलेच लोक विचारतात. चहाच्या टपरीवर विचारतात. बाहेर कशाला आले, आत कशाला गेले, दोन तुकडे का झाले, लाल की निळे, पैसा कोण पुरवतो. हे प्रश्न विलास घोगरेलाही विचारले गेले असतील. त्याला त्याच्या डाव्या संघटनेनं काढून टाकलं होतं. ११ जुलै १९९७ ला रमाबाईनगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली आणि १५ जुलैला विलासनं आपल्या झोपडीत गळफास घेतला. डोक्याला निळं फडकं बांधून. त्याच्या परत येण्याचा प्रश्नच उरला नाही. तसंच अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख. १९४४ साली गव्हाणकरांसह लाल बावटा कलापथक काढलं, सरकारनं तमाशावर बंदी आणली, पथक विस्कटलं, संयुक्त महाराष्ट्रासाठी पुन्हा गळे फुगवले, आणि १९६९ साली दोघंही गेले. अण्णाभाऊ १८ जुलैला, अमर शेख २९ ऑगस्टला. ह्यांना म्हातारपणी परत मंचावर येऊन नाटकी वाटायची सोयही मिळाली नाही.

आणि हे प्रश्न विचारणारे आपण त्या मधल्या वर्षांत कुठं होतो? ह्या प्रश्नावर मी आलो आणि अडकलो. कारण आता एकोडीचं राहिलेलं सांगायला हवं, जे मी वर गाळलं.

आमची पार्टी आपोआप बंद पडली नव्हती. खैरलांजीनंतर विदर्भभर मोर्चे निघाले, लाठ्या बसल्या, ह्या आंदोलनामागे नक्षलवादी आहेत असं सरकारी तोंडातून बोललं गेलं. आमच्या पार्टीनं खैरलांजीवर एक गाणं बांधलं होतं. चाल झाडीतल्या दंडारीची, शब्द काकाजींचे. ते गाणं तीन-चार गावांत झालं, आणि एक दिवस पार्टीतल्या दोघांना चौकशीला बोलावणं आलं. मारलं नाही, फक्त दिवसभर बसवून ठेवलं. त्या संध्याकाळी टोलीची बैठक झाली. सन २००७. बैठकीत आम्ही शिकलेले चार लोक बोललो. पोरांच्या नोकऱ्या आहेत, भरती आहे, पोलीस दाखला लागतो, उगाच नाव लागायला नको. ते गाणं तेवढं सोडा, बाकीचे म्हणा. काकाजी म्हणाले, ते सोडून बाकीचे कायले म्हणू? आणि त्यांनी पेटी घरी नेली. त्या चौघांत मी होतो. सगळ्यात नीट, मुद्देसूद बोललेला मीच होतो. मास्तरच ना.

पुढे २०१३ साली कबीर कला मंचासाठी सह्यांचा एक कागद आमच्याकडे फिरला. तो मी वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला, आणि धुण्यात गेला. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ह्या जिल्ह्याला ऐकायचा शौक जुना आहे. मंडईत रात्र रात्र नाटक बघतो, पहाटे दवात भिजून घरी जातो आणि धान कापायला लागतो. १९५४ च्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते आणि इथं हरले. घरातली म्हातारी माणसं त्यांना बघितल्याचं, ऐकल्याचं आयुष्यभर अभिमानानं सांगत. मोजणीबद्दल बोलत नसत. ऐकणारा फार सुटा असतो. त्याला गाणाऱ्यासारखी चौकशी लागत नाही. तो उठून पाणी पिऊन येतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. गाणं हे दोघांत असतं. गाणारा गप्प बसला तर त्याची गप्पी एकट्याची नसते. लंडनच्या पोरांनी आपल्या मर्जीनं दुकान बंद केलं आणि मर्जीनं उघडलं, तेव्हा त्यांची बिदागी नुसती बिदागी आहे, ज्याला हवी त्यानं तिकीट काढावं. पण जिथं सरकारनं तोंड दाबलं आणि समाजानं हळूच 'बरं झालं' म्हटलं, तिथं परत आलेल्या गाणाऱ्याकडे इमानाचा दाखला मागायला आपण कोण? तिथं परत आला आहे तो ऐकणारा. आधी त्यानं सांगावं, तू कुठं होतास.

मी काकाजींकडे गेलो १२ एप्रिलला रात्री. त्यांना हे सगळं सांगितलं असं नाही, एवढी छाती नव्हती. म्हणालो, काकाजी, पोट्टे लहान आहेत, आकडा जरा कमी करा. ते शांतपणे म्हणाले, 'मास्तर, तवा तुमीच म्हणले बंद करा. आता तुमीच म्हणता गा. मंग मंधातल्या सालाईचे पैसे कोन देईन?'

मी गप्प. मग तेच म्हणाले, चहा घ्या.

आकडा कमी झाला नाही. कमिटीनं वर्गणीतून अर्धे दिले, अर्धे आम्ही त्या बैठकीतल्यांनी घातले. चारातला एक वारला आहे, त्याच्या पोराला मी सांगितलं तर तो म्हणाला, माझा बाप बरोबरच बोलला होता, त्यानंच मी नोकरीला लागलो. आणि त्यानं पैसे दिले नाहीत. त्यालाही मी चूक म्हणू शकत नाही. आमच्या टोलीतून त्या वर्षांत सहा पोरं भरती झाली, हे खरं आहे. ती झाली नसती तर आज आम्ही कोणत्या तोंडानं गाण्याची बाजू घेतली असती, हेही मला सुचत नाही.

१४ तारखेला रात्री डीजे दहाला बंद केला. पेटीचा एक सूर बसत नव्हता. ढोलकीवाल्याची बोटं संधिवातानं वाकडी, ताल दोनदा सुटला. पोट्टे मागं मोबाईल बघत होते, काही उठून गेले. काकाजींनी तीन जुनी गाणी म्हटली, मग थांबले, पाणी प्याले, आणि खैरलांजीचं काढलं. चार कडवी होती, तिसरं त्यांना आठवेना. साथवाल्यांनाही आठवेना. मला आठवत होतं. पहिल्या रांगेत बसून मला ते शब्द न शब्द आठवत होतं, कारण २००७ च्या बैठकीत त्याच कडव्यावर बोट ठेवून मी म्हणालो होतो की हे फार जहाल आहे.

मी सांगितलं नाही लगेच. मग सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि गायलं.

पोरांतल्या दोघा-तिघांचं अजून म्हणणं आहे की पैसे देणं चूकच होतं, उद्या जो तो बिदागी मागेल. आणि टोलीतले काही जाणते म्हणतात की मास्तर उगाच स्वतःला कोरडे मारून घेतो, त्या वेळी दुसरं काही करता येत नव्हतं. दोघांनीही लिहावं. संपादकांना पुढच्या अंकात दोन पानं ठेवायला सांगितलं आहे. स्टेन्सिल कापायला मी बसेन.